जोखीम पाहून नेटवर्कमध्ये प्रवेश कसा द्यावा: एका नागरी सहकारी बँकेच्या प्रश्नाला उत्तर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. नागरी सहकारी बँक, २२ शाखा, अडीचशेच्या आसपास कर्मचारी, आयटी विभागात तिघे जण. आयएस ऑडिटमध्ये (माहिती यंत्रणांच्या तपासणीत) शेरा आला की नेटवर्कचा ॲक्सेस जोखीम-मूल्यांकनाशी जोडलेला नाही. जोखमीची एक्सेल शीट तुमच्याकडे आहे आणि दरवर्षी ती संचालक मंडळापुढे मंजूरही होते. आता एक व्हेंडर ‘झिरो ट्रस्ट’ची, म्हणजे आत आलेल्यावरही आपोआप विश्वास न ठेवता दर वेळी तपासणारी, यंत्रणा घ्या म्हणतोय, आणि किंमत ऐकून सीईओ विचारतायत की हे खरंच लागतं का.

ऑडिटरचा शेरा योग्य आहे. शीटमध्ये ‘एटीएम स्विच – उच्च जोखीम’ असं लिहिलेलं असतं (एटीएमची विनंती बँकेच्या मुख्य यंत्रणेपर्यंत नेऊन उत्तर परत आणणारी यंत्रणा म्हणजे एटीएम स्विच), पण त्या ओळीमुळे कुणाचं लॉगिन कधी अडलेलं नसतं, कुणाला जास्तीची पडताळणी करावी लागलेली नसते. शीट फाइलमध्ये राहते आणि फायरवॉलचे, म्हणजे नेटवर्कवर कुणाला कुठे जाऊ द्यायचं ते ठरवणाऱ्या यंत्राचे, नियम पाच वर्षांपूर्वी कुणीतरी लिहिले तसेच चालू असतात. या दोन गोष्टी एकमेकींना जोडणं हेच तुमचं काम आहे. त्यातलं निम्म्याहून अधिक काम आज हाताशी असलेल्या साधनांत होतं, म्हणून खरेदीचा निर्णय सहा महिने पुढे ढकला. तेव्हा नेमकं काय हवंय ते तुम्हालाच ठाऊक असेल आणि व्हेंडरशी बोलणं वेगळ्या पातळीवर होईल.

आधी कल्पना स्पष्ट करून घेऊ. जुन्या पद्धतीत प्रश्न एकदाच विचारला जातो: हा माणूस आपला आहे का? हो म्हटलं की तो आत, आणि आत आला की जवळजवळ सगळीकडे. जोखमीवर आधारलेल्या पद्धतीत प्रश्न प्रत्येक विनंतीला विचारायचा: कोण, कोणत्या मशीनवरून, कशाकडे, आणि आत्ता का? उत्तरंही चार असतात. जाऊ द्या, आणखी एक पडताळणी करून जाऊ द्या, जाऊ द्या पण मर्यादित जागेपुरतं आणि वेळेपुरतं, आणि नाही. अमेरिकेच्या एनआयएसटी या मानक संस्थेने ऑगस्ट २०२० मध्ये झिरो ट्रस्टचा जो दस्तऐवज काढला, त्यात निर्णय घेणारा भाग आणि तो अंमलात आणणारा भाग वेगवेगळे दाखवले आहेत. तुमच्याकडे अंमल करणारे भाग आधीच आहेत: फायरवॉल, शाखांतले मॅनेज्ड स्विच (मशीन नेटवर्कला जोडणारी यंत्रं; एटीएम स्विच वेगळं), व्हीपीएन (बाहेरून आत येण्याचा सुरक्षित मार्ग), ॲक्टिव्ह डिरेक्टरी (सगळ्यांची खाती आणि अधिकार सांभाळणारी यंत्रणा). निर्णयाचे नियम मात्र लिहिलेले नाहीत.

ते नियम कुठून सुरू करायचे? बहुतेक जण कर्मचाऱ्यांच्या यादीपासून सुरुवात करतात. मी सांगेन, सर्व्हरपासून करा. काय गेलं तर बँक बंद पडेल, हे आधी ठरू द्या.

पुण्याच्या कॉसमॉस बँकेवर ऑगस्ट २०१८ मध्ये झालेला हल्ला प्रत्येक सहकारी बँकेच्या आयटी विभागाने बारकाईने समजून घ्यायला हवा. शनिवारी ११ तारखेला २८ देशांतल्या एटीएममधून सुमारे १२ हजार व्यवहारांत ७८ कोटी रुपये निघाले. भारतात, त्यात कोल्हापुरातही, सुमारे २,८०० व्यवहारांत अडीच कोटी निघाले. सोमवारी १३ तारखेला स्विफ्टमार्गे, म्हणजे बँकांच्या आंतरराष्ट्रीय संदेश-जाळ्यातून, जवळजवळ १४ कोटी हाँगकाँगच्या खात्यात गेले. एकूण ९४ कोटींच्या घरात. बनावट कार्डं वापरली गेली हे लोकांना आठवतं, पण नुसत्या बनावट कार्डाने एवढे पैसे निघाले नसते. पैसे काढण्याची विनंती खऱ्या सीबीएसपर्यंत (कोअर बँकिंग, म्हणजे खाती सांभाळणारी मुख्य यंत्रणा) पोचण्याऐवजी बनावट स्विचकडे वळवली गेली आणि तिथून ‘मंजूर’ असं उत्तर मिळत राहिलं. खात्यात शिल्लक आहे का, हे विचारलंच गेलं नाही. म्हणून तुमच्या यादीत पहिला प्रश्न हा घाला: स्विचच्या सर्व्हरशी आज कोणकोणती मशीन बोलू शकतात आणि त्यांपैकी खरंच कोणती बोलायला हवीत? फायरवॉलचे लॉग, म्हणजे त्याच्या नोंदी, काढून बघा. पहिला आकडा दुसऱ्यापेक्षा बराच मोठा निघेल.

रिझर्व्ह बँकेने ३१ डिसेंबर २०१९ ला नागरी सहकारी बँकांसाठी जी सायबर सुरक्षा चौकट आणली, तिच्यातही हेच तत्त्व आहे. सगळ्या बँकांना एकच माप न लावता डिजिटल व्याप्तीप्रमाणे चार स्तर केले. स्वतःचं एटीएम स्विच किंवा स्विफ्ट असलेल्या बँका वरच्या स्तरांत गेल्या. जे बँकांच्या बाबतीत केलं, तेच तुम्ही आपल्या सर्व्हरच्या बाबतीत करायचं आहे.

माझ्या मते तीन गट पुरेत. पहिल्या गटात एटीएम स्विच, सीबीएसचा डेटाबेस, आरटीजीएस-एनईएफटीचं मशीन, आणि हमखास विसरल्या जाणाऱ्या तीन गोष्टी: ॲक्टिव्ह डिरेक्टरी, बॅकअप सर्व्हर आणि फायरवॉलचं स्वतःचं ॲडमिन पान. रॅन्समवेअरवाले (डेटा कुलूपबंद करून खंडणी मागणारे) आत आले की आधी बॅकअप शोधतात, हे लक्षात ठेवा. दुसऱ्या गटात शाखांतून रोज वापरले जाणारे सीबीएसचे स्क्रीन, कर्जाचं सॉफ्टवेअर, ईमेल. तिसऱ्यात इंटरनेट, प्रिंटर, सीसीटीव्ही, पाहुण्यांचं वायफाय. आणखी बारीक गट पाडायचा मोह आवरा, कारण सात-आठ गट तिघांच्या विभागाला वर्षभरसुद्धा सांभाळता येत नाहीत.

आता तुमच्या एक्सेल शीटबद्दल. तिच्यात शक्यता १ ते ५, परिणाम १ ते ५, आणि गुणाकार केलेला असणार. यात एक खोट आहे. शाखेतल्या लिपिकाच्या मेलबॉक्समध्ये फसवे मेल येण्याची शक्यता ५, परिणाम २, गुणाकार १०. स्विचवर कुणी ताबा मिळवण्याची शक्यता २, परिणाम ५, गुणाकार पुन्हा १०. दोन्ही चौकोन एकाच पिवळ्या रंगाचे. पहिल्याने तुमची एक दुपार वाया जाईल, दुसऱ्याने बँकेच्या दारात ठेवीदारांची रांग लागेल. हे आकडे क्रम सांगतात, मोजमाप सांगत नाहीत, म्हणून त्यांचा गुणाकार करून आलेल्या संख्येवर ॲक्सेस सोपवू नका. परिणामाने गट ठरवा. शक्यतेचा विचार त्या गटाच्या आत करा.

अशीच चूक महागड्या यंत्रणांमध्येही सापडते. ओळखीचं मशीन, +२०. नेहमीचं शहर, +२०. कामाची वेळ, +२०. दुसरी पडताळणी नाही, −२०. बेरीज पास, जाऊ द्या. एका मोठ्या उणिवेला तीन छोट्या चांगल्या गोष्टी झाकून टाकतात. दहावीला गणितात नापास झालेल्या मुलाला मराठीचे गुण जास्त आहेत म्हणून कुणी पास करत नाही. इथेही प्रत्येक विषयात पास होणं आधी, टक्केवारी नंतर. पहिल्या गटासाठी चार अटी ठेवा: खातं त्या माणसाच्या नावाचं असावं, मशीन नोंदलेलं असावं, पासवर्डखेरीज दुसरी भक्कम पडताळणी झालेली असावी, आणि त्या कामाचं तिकीट (मंजूर कामाची वेळेसह नोंद) उघडं असावं. एक जरी अट सुटली तरी उत्तर ‘नाही’. चारही पूर्ण झाल्या तरच बाकीच्या खुणा बघायच्या आणि किती मोकळीक द्यायची ते ठरवायचं.

एक उदाहरण पूर्ण करून दाखवतो. समजा, रात्री ११ वाजून ४० मिनिटं झाली आहेत. एटीएम स्विचच्या व्हेंडरचा इंजिनिअर व्हीपीएनवर येतो आणि स्विचच्या सर्व्हरवर पॅच (सॉफ्टवेअरची दुरुस्ती) टाकायचाय म्हणतो.

आधी अटी. खातं ‘व्हेंडर१’ असलं तर तिथेच थांबवा. असली सामाईक खाती सहा जण वापरतात आणि त्यांतला एक जण ती नोकरी कधीच सोडून गेलेला असतो. खातं नावाचं आहे, लॅपटॉपवर तुमचं सर्टिफिकेट (मशीन नोंदलेलं असल्याचा डिजिटल दाखला) आहे, हार्डवेअर किल्लीने (ओळख पटवणाऱ्या छोट्या उपकरणाने) पडताळणी झाली आणि तिकीट रात्री १० ते १ या वेळेचं आहे. चारही अटी पूर्ण झाल्या. आता खुणा. लॅपटॉपचं अँटीव्हायरस नऊ दिवस अपडेट झालेलं नाही. वेळ तिकिटात बसते. तो याआधीही याच सर्व्हरवर आलेला आहे. माझा निर्णय असा: त्याला सरळ सर्व्हरवर जाऊ न देता मधल्या जंप सर्व्हरवर (जिथून पुढचं सगळं नजरेखाली होतं) उतरवा, फाइल कॉपी आणि क्लिपबोर्ड बंद ठेवा, पॅचची फाइल तुमच्या माणसाने आधी तपासून ठेवलेली असू द्या, पूर्ण सेशन (लॉगिनपासून बाहेर पडेपर्यंतचं काम) रेकॉर्ड करा आणि १ वाजता ते आपोआप तुटू द्या. मधेच तो स्विचच्या सर्व्हरवरून सीबीएसच्या डेटाबेसकडे, म्हणजे ओरॅकल असेल तर १५२१ क्रमांकाच्या पोर्टवर (डेटाबेसच्या दारावर), नवीन जोडणी उघडू लागला तर तिकिटात ते काम नाही. सेशन तोडा आणि ड्युटीवरच्या माणसाला फोन जाऊ द्या. पॅच टाकणाऱ्याला त्या रात्री डेटाबेसशी काही देणंघेणं नसतं.

तिकीटच नसेल तर? तो घाईत आहे, ‘एटीएम बंद पडतील’ म्हणतोय. तरीही नाही. त्याच्या कंपनीला फोन करा, तोही तुमच्या रजिस्टरमध्ये असलेल्या नंबरवर, त्याने दिलेल्या नंबरवर नको. खात्री पटली तर तिकीट उघडायला पाच मिनिटं लागतात. ती पाच मिनिटं देण्याचं धाडस रात्रपाळीच्या मुलात असावं म्हणून सीईओंच्या सहीचं पत्र त्याच्याकडे आधीच असू द्या: तिकिटाशिवाय नाही म्हटल्याबद्दल कुणालाही जाब विचारला जाणार नाही. या एका कागदाचा उपयोग फार मोठा आहे.

खुणा गोळा करायच्या म्हणजे महागडं सॉफ्टवेअर हवं असं नाही. तुमच्याकडची सगळ्यात चांगली खूण एचआरच्या रजेच्या रजिस्टरमध्ये आहे. शाखाधिकारी रजेवर आहेत आणि त्यांच्या आयडीवरून दुपारी सव्वादोनला चेकर म्हणून व्यवहार पास झाला, हे चित्र बहुतेक शाखांत कधी ना कधी दिसतं. साहेब जाताना पासवर्ड सांगून गेले, काम अडू नये म्हणून. हेतू चांगलाच असतो, पण मेकर-चेकरची, म्हणजे एकाने नोंदवायचं आणि दुसऱ्याने मंजूर करायचं ही, सगळी भिंत त्यात कोसळते. सीबीएसच्या लॉगिनची यादी आणि हजेरीची यादी रोज रात्री एका साध्या स्क्रिप्टने ताडून पाहा. पुढची पायरी म्हणजे रजा मंजूर होताच आयडी त्या दिवसांपुरता बंद करणं. पण त्याआधी बदली चेकरची सोय लावा. ती नसेल तर लोक दुसरी पळवाट काढतील आणि दोष तुमच्या नियमाचा असेल.

ठिकाणाच्या खुणेवर मात्र फार विसंबू नका. मोबाइल डेटावरून येणाऱ्या माणसाचं शहर आयपीवरून (इंटरनेटवरच्या पत्त्यावरून) ओळखणं आपल्याकडे भरवशाचं नाही. कंपन्या हजारो ग्राहकांना मोठ्या शहरातल्या गेटवेमागून सामाईक पत्त्यावर बाहेर काढतात, त्यामुळे रत्नागिरीतला अधिकारी मुंबईत दिसतो आणि तासाभराने वायफायवर आला की पुन्हा रत्नागिरीत. ‘अशक्य प्रवास’ नावाचा इशारा दिवसातून वीसदा वाजला की आठवड्यात कुणी त्याकडे बघेनासं होतं. देश बदलला, किंवा घरच्या ब्रॉडबँडऐवजी एखाद्या क्लाउड होस्टिंग कंपनीच्या पत्त्यावरून लॉगिन आलं, तर मात्र गांभीर्याने घ्या.

मशीनची तब्येत ही दुसरी भक्कम खूण. विंडोज १० चा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. ज्या मशीनसाठी वाढीव अपडेट घेतलेले नाहीत, ती पहिल्या गटाकडे जाताच कामा नयेत आणि दुसऱ्या गटातही तारीख ठरवून बाहेर काढावीत. मशीनवरच्या सुरक्षेच्या त्रुटी मोजताना एकूण आकड्याने घाबरू नका. स्कॅनर चारशे त्रुटी दाखवतो. अमेरिकेची सिसा ही सरकारी सायबर सुरक्षा संस्था नोव्हेंबर २०२१ पासून प्रत्यक्ष हल्ल्यांत वापरल्या गेलेल्या त्रुटींची यादी सगळ्यांसाठी खुली ठेवते. त्या यादीतली त्रुटी मशीनवर असेल तर ॲक्सेस आवळा, बाकीच्यांना महिन्याच्या पॅचफेरीत घ्या. त्या यादीत व्हीपीएनच्या यंत्रांचीही नावं वारंवार येतात, त्यामुळे आपलं दारच आधी तपासा.

शाखेतल्या तारेच्या जोडणीसाठी ८०२.१एक्स हे मानक वापरा. मशीन नेटवर्क स्विचच्या पोर्टला (तार लावायच्या जागेला) लावलं की आधी सर्टिफिकेट दाखवेल, पडताळणी करणारा रेडियस सर्व्हर हो म्हणेल, मगच पोर्ट उघडेल आणि मशीन आपल्या व्हीलॅनमध्ये (नेटवर्कच्या वेगळ्या कप्प्यात) जाईल. पैसे कमी असतील तर फ्रीरेडियस आणि पॅकेटफेन्स ही मुक्त सॉफ्टवेअर या कामाला पुरतात. शिकायला वेळ लागतो, तो धरून चाला. पासबुक छापणारा किऑस्क, हजेरीचं मशीन, डीव्हीआर (सीसीटीव्हीचं चित्रण साठवणारं यंत्र) यांना सर्टिफिकेट देता येईलच असं नाही. त्यांना मॅक पत्त्यावरून (यंत्राच्या नेटवर्कवरच्या ओळखक्रमांकावरून) आत घ्यावं लागतं आणि मॅक पत्ता कुणीही नकली करू शकतं. म्हणून त्यांच्या व्हीलॅनमधून फक्त लागणाऱ्या एका सर्व्हरचा एकच पोर्ट उघडा ठेवा. कुणी किऑस्कची तार काढून लॅपटॉप लावला तरी त्याला तेवढंच दिसेल.

हे पहिल्याच दिवशी सक्तीने सुरू केलंत तर सोमवारी सकाळी २२ शाखांचे फोन एकदम येतील. आधी नुसतं निरीक्षण: सगळ्यांना आत येऊ द्या, पण कोण नापास झालं असतं ते लिहून ठेवा. मार्चअखेर आणि दिवाळीचा आठवडा टाळा. मग एक शाखा, शक्यतो मुख्यालयाच्या जवळची. आणि रेडियस सर्व्हर बंद पडला तर काय, हे कागदावर ठरवा. शाखेतल्या काउंटरसाठी मी मर्यादित ॲक्सेस चालू ठेवण्याच्या बाजूने आहे, कारण दारात ग्राहक उभे असतात. पहिल्या गटासाठी पूर्ण बंद.

लॉगिनच्या क्षणी तपासणी करून थांबणं पुरत नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये उघड झालेल्या ‘सिट्रिक्स ब्लीड’ या, सिट्रिक्सच्या नेटवर्क-प्रवेश यंत्रांतल्या, त्रुटीत हल्लेखोर चालू सेशनची खूणच चोरत होते. पासवर्ड आणि दुसरी पडताळणी दोन्ही आधीच झालेल्या असल्याने त्यांना कुणी काही विचारलं नाही. पॅच टाकल्यावरही जुनी सेशन मारावी लागत होती. म्हणून पहिल्या गटाची सेशन लहान ठेवा आणि मशीनची तब्येत मधेच बिघडली तर ॲक्सेस मधेच काढून घ्या. रेडियसमध्ये चालू जोडणीचा अधिकार बदलण्याची सोय आहे. तुमच्या नेटवर्क स्विचमध्ये ती आहे का ते बघा.

ॲक्सेस काढून घेण्याचं मोठं उदाहरण आपण सगळ्यांनी पाहिलंय. ३१ जुलै २०२४ ला सी-एज टेक्नॉलॉजीज या सहकारी आणि ग्रामीण बँकांना सेवा देणाऱ्या कंपनीवर रॅन्समवेअरचा हल्ला झाल्याचं समोर आलं, तेव्हा देशातली किरकोळ पेमेंटची जाळी चालवणाऱ्या एनपीसीआयने तिला किरकोळ पेमेंटच्या यंत्रणेपासून तात्पुरतं तोडलं. सुमारे ३०० लहान बँकांचे व्यवहार त्यामुळे अडले, दुसऱ्या दिवशी ते पूर्ववत झाले. ग्राहकांना त्रास झाला, पण बाकीचं जाळं वाचवायला तो निर्णय योग्यच होता. तुमच्या बँकेत असा निर्णय रात्री दोन वाजता कोण घेऊ शकतं? नाव लिहा, त्याच्यामागे दुसरं नाव लिहा.

दुसऱ्या पडताळणीबद्दल थोडक्यात. मोबाइलवर ‘मंजूर करा’ असं नुसतं बटण येणारी पद्धत पहिल्या गटासाठी नको. सप्टेंबर २०२२ मध्ये उबरच्या एका कंत्राटी कर्मचाऱ्याला अशा विनंत्या पुन्हा पुन्हा पाठवल्या गेल्या आणि शेवटी त्याने एक स्वीकारली. स्क्रीनवरचा आकडा मोबाइलमध्ये टाकायला लावणारी पद्धत बरी, हार्डवेअर किल्ली त्याहून चांगली. पहिल्या गटात जाणारी माणसं तुमच्याकडे दहा-पंधरा असतील; तेवढ्या किल्ल्यांचा खर्च संचालक मंडळ नक्की मान्य करेल.

आणि न वापरलेली खाती आजच बंद करा. मे २०२१ मध्ये अमेरिकेतली कोलोनियल पाइपलाइन बंद पडली, ती वापरात नसलेल्या पण चालू राहिलेल्या एका व्हीपीएन खात्यातून. त्या खात्याला दुसरी पडताळणी नव्हती. पंचेचाळीस दिवस लॉगिन नाही म्हणजे खातं बंद, असा नियम करा. कर्जविभागातून क्लिअरिंगला बदली झालेल्याचे कर्जाचे अधिकार बदलीच्या आदेशाबरोबरच जायला हवेत. नाहीतर वीस वर्षं नोकरी झालेल्या माणसाकडे सगळ्या विभागांच्या चाव्या जमतात.

लॉगसाठी सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे १८० दिवस साठवण आणि घटना कळल्यापासून ६ तासांत त्या संस्थेला कळवणं बंधनकारक आहे. सगळ्या यंत्रांची घड्याळं एकाच स्रोताशी जुळलेली ठेवा. एटीएम स्विचचं घड्याळ सात मिनिटं पुढे आणि फायरवॉलचं तीन मिनिटं मागे असेल, तर कोण आधी कुठे शिरलं हे कुणालाच सांगता येत नाही. लॉगमध्ये ‘नाकारलं’ एवढंच न लिहिता कोणत्या अटीवर नाकारलं तेही यायला हवं. कर्मचाऱ्यांनाही स्पष्ट सांगा की लॉगिनची वेळ, मशीन आणि ठिकाण नोंदलं जातं आणि ते कशासाठी. त्यांच्या पाठीमागे हे करू नका.

अपवाद येणारच. चेअरमनसाहेबांचा टॅब, जुनं सॉफ्टवेअर, नवीन शाखेचं उद्घाटन. अपवाद द्या, पण लेखी, कारणासह आणि शेवटच्या तारखेसह. तारीख उलटली की तो आपोआप संपावा. यंत्रणाच कोसळली तर वापरायचं आणीबाणीचं ॲडमिन खातं वेगळं ठेवा, त्याचा पासवर्ड दोन भागांत, दोन बंद लिफाफ्यांत, दोन वेगळ्या अधिकाऱ्यांकडे. ते वापरलं गेलं की सीईओंना तत्काळ संदेश जावा आणि पासवर्ड बदलावा. डीआर ड्रिलच्या (आपत्तीनंतर यंत्रणा पुन्हा उभी करण्याच्या सरावाच्या) दिवशी ते लिफाफे एकदा उघडून बघा. पासवर्ड चालतो की नाही हे त्या दिवशी कळलेलं बरं.

ऑडिटरला उत्तर पाठवताना शीट पुन्हा जोडू नका. तीन गटांची यादी, पहिल्या गटाच्या चार अटी, आणि गेल्या महिन्यातल्या नाकारलेल्या दहा विनंत्या त्यांच्या कारणांसह जोडा. चालू अपवादांची तारखांसह यादीही द्या. व्हेंडर पुन्हा आला की त्यालाही तुमच्या चार अटी दाखवा आणि त्याच्या यंत्रणेवर व्हेंडर इंजिनिअरचं ते रात्रीचं उदाहरण जसंच्या तसं चालवून मागा, तिकीट असताना आणि नसताना. तिकीट नसताना त्याची यंत्रणा गुणांची बेरीज करून ‘जाऊ द्या’ म्हणाली, तर ती घेऊ नका.